दुसरा अंगठा

लॉर्न स्ट्रॅकन बोलायला फार कंजूष. पहाटे पाण्यात उतरताना "हं" आणि निघताना "बरं", एवढ्यात त्याची सकाळ भागायची. त्यामुळे कुणी आमच्या किनाऱ्यावर नवीन आला की त्याला वाटायचं, हा म्हातारा शिष्ट आहे. पंधरा दिवसांनी तोच नवीन माणूस गळावरची माशी कशी बांधायची ते विचारायला लॉर्नच्या मागे मागे फिरत असायचा.

त्याचं वय तेव्हा एकोणऐंशी. बुटका, खांद्यांनी रुंद, अंगात विनीने विणलेला एकच करडा स्वेटर, त्याच्या कोपरांना ठिगळं. विनी त्याची बायको. तरुणपणापासून चाळीस वर्षं त्याने आमच्या बेटाच्या पश्चिमेकडच्या लाकूडतोडीच्या छावण्यांत झाडं पाडली. यांत्रिक करवत इतकी वर्षं हातात धरली की तिच्या थरथरीने बोटांचं रक्तच आटतं. थंडीत लॉर्नच्या दोन्ही हातांची चार-चार बोटं खडूसारखी पांढरी पडायची आणि चिमटा काढला तरी त्याला कळायचं नाही. दोन अंगठे तेवढे वाचले होते. त्यांच्या जोरावर तो स्वेटरची बटणं लावायचा, चहात आटवलेलं दूध ढवळायचा आणि माशा बांधायचा. आमची माशी म्हणजे गळावर गुलाबी पिसं आणि चंदेरी दोरा गुंडाळून केलेलं सोंग. सॅमनला ती कोळंबी वाटते, निदान आपण तसं धरून चालतो.

मला पाण्यात उभं केलं ते त्यानेच. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून मी घरी बसले, त्याच वर्षी माझा नवरा गेला, आणि गॅरेजमध्ये त्याचा मासेमारीचा रॉड धूळ खात पडला होता. लॉर्नने शाळेच्या मैदानावर, गवतात, गळाशिवाय मला महिनाभर दोर फेकायला लावला. तो लांब एका बाकावर बसून चहा पीत बघायचा.

"पोरी, तू दोर फेकत नाहीयेस, कपडे वाळत घालतेयस."

मी तेव्हा साठीला टेकले होते, तीन नातवंडांची आजी. पण लॉर्नची मी पोरच. रागावून मी एकदा रॉड खाली टाकला, तर म्हणाला, "राग आला ना? आता फेक. रागात मनगट वाकत नाही तुझं." आणि खरंच तेव्हा पहिल्यांदा दोर सरळ गेला.

आता त्या नियमाबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे कोहो सॅमन दोन तऱ्हेचे येतात. काही मर्ल ओढ्यात आपोआप जन्मलेले, रानाचे. काही ओढ्याकाठच्या हॅचरीत अंड्यांपासून वाढवून सोडलेले. सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. हॅचरीची पिल्लं समुद्रात सोडण्याआधी त्यांचा तो पर बारीक कात्रीने कापतात. म्हणून पर नसलेला मासा घरी न्यायचा आणि पर असलेला तसाच पाण्यातल्या पाण्यात सोडून द्यायचा, कारण रानाचे फार थोडे उरलेत. हा झाला सरकारी कायदा. लॉर्नने त्यात स्वतःचा एक जोडला होता. मासा दमून गुडघाभर पाण्यात पायाशी आला की पाठीवरून अंगठा फिरवायचा, आणि मग शेजारच्याला हाक मारायची, "दुसरा अंगठा!" शेजारच्याने आपला दोर गुंडाळायचा, यायचं, स्वतः अंगठा फिरवायचा आणि सांगायचं, आहे की नाही. त्याने सांगितल्याशिवाय मासा मारायचा दंडुका उचलायचा नाही. त्याचा शब्द शेवटचा.

"मासा हातात असला की माणसाला पाहिजे तेच लागतं," लॉर्न म्हणायचा. "म्हणून ज्याच्या हातात मासा नाही, त्याने बघायचं."

दर वसंतात हॅचरीच्या टेबलावर बसून त्याने स्वतः हे पर कापलेले. वीस वर्षं, हजारो पिल्लांचे. त्या अंगठ्याला पर ओळखायला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही तो प्रत्येक वेळी हाक मारायचाच. बाजूला मी असले तर मलाही.

त्या सप्टेंबरची ती सकाळ. भरती नुकतीच सुरू झाली होती, समोरच्या डोंगरांवरून ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं, कोहो उड्या मारत होते आणि रांगभर आरडाओरडा चालला होता. आम्ही नऊ जण रांगेत मांडीभर पाण्यात. लॉर्न माझ्या उजवीकडे, दहा पावलांवर. मला त्या मोसमात एकही धड मासा लागला नव्हता. सगळ्यांना लागत होते. गार्थ म्हणून एक आहे आमच्यात, फेरीबोटीवर होता, आवाज अजून भोंग्याइतकाच मोठा. तो रोज सकाळी मला विचारायचा, "काय मर्ना, आज तरी बसमध्ये कोणी चढणार का?" सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि आतून जळायचे.

लॉर्नला मासा लागला. बराच वेळ त्याने तो खेळवला, पायाशी आणला, वाकला. मग हाक आली.

"मर्ना! दुसरा अंगठा!"

त्याच क्षणी माझ्या माशीच्या मागे पाणी फुगलं. मोठा मासा. पाठ दिसली मला, हिरवी काळी, माझ्या माशीच्या मागे हातभर अंतरावर. दोर गुंडाळला असता तर गेलाच असता. मी नुसती मान वळवली. लॉर्नच्या पायाशी चकाकणारं पाणी होतं, दुसरं काहीही मला दिसलं नाही. मला बघायचंही नव्हतं.

"नाही पर!" मी ओरडले. "मार!"

तो थांबला. "नीट बघितलंस?"

"हो रे बाबा, नाही म्हणते ना!"

दंडुक्याचा एक आवाज आला. मी माझ्या माशीकडे बघत राहिले. पाणी एकदा हललं आणि सपाट झालं. माझ्या माशीला कुणी तोंडसुद्धा लावलं नाही.

लॉर्न मासा घेऊन काठावर गेला आणि गोट्यांवर ठेवून परत वळला. गार्थ चहा घ्यायला तिकडेच गेला होता. तो वाकला आणि त्याचा आवाज, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, बारीक झाला.

"लॉर्न. अरे, हे काय?"

पर होता. शेपटीच्या अलीकडे, चांगला उभा, वाकून बघणाऱ्या कुणालाही दिसावा इतका. एकेकाने दोर गुंडाळला. लॉर्न गोट्यांवर गुडघे टेकून बसला, वरच्या खिशातून चष्मा काढला, तो लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्याने माशाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"दुसरा अंगठा कुणाचा होता?" गार्थने विचारलं.

मी तेव्हा काय करत होते ते सांगते. मी माझ्या माशीची गाठ तपासत होते. चांगली घट्ट गाठ होती ती. मी ती पुन्हा पुन्हा ओढून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता माझं नाव येणार, आता येणार.

"कुणाला विचारलं नाही," लॉर्न म्हणाला. "घाई केली. बोटं मेली माझी, दुसरं काय."

त्याची हाक आणि माझं उत्तर त्या गलक्यात कुणी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. सुटले, असं वाटलं मला. पहिल्यांदा तेच वाटलं. लाज नंतर आली.

त्याने स्वतः मासेखात्याला फोन लावला. एक तरुण अधिकारी बाई आली, मासा पिशवीत घातला, त्याच्याकडून कागदावर सही घेतली. त्याला सही करायलाही अंगठा आणि पूर्ण तळहात लागायचा. ती बाई गेल्यावर त्याने रॉडचे चारही तुकडे सुटे केले, प्रत्येक तुकडा स्वेटरच्या बाहीने कोरडा केला, पिशवीत घातला. "बरं," म्हणाला आणि निघून गेला. मी तेवढ्या वेळात दोन पावलं चालून जाऊ शकले असते. सहज.

हिवाळ्यात गुरुवारी आम्ही कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलमागच्या खोलीत माशा बांधायला बसतो. लॉर्नची खुर्ची खिडकीशी. तो आला नाही. पहिले दोन गुरुवार कुणी त्या खुर्चीत बसलं नाही, मग तिच्यावर कोट टाकायला लागले. गार्थ दुष्ट नाही, पण त्याला गप्प राहता येत नाही. कुणाचा दोरा तुटला, कुणाची पिसं उलटी लागली की तो म्हणायचा, "लॉर्नचा अंगठा लागला वाटतं!" पहिल्यांदा लोक चपापले. चौथ्यांदा हसले.

मीही हसले. एकदाच, पण हसले.

घरी येऊन मी बाथरूमच्या आरशात बघितलं नाही. दात अंधारात घासले.

मार्चमध्ये किराणा दुकानात विनी भेटली. बटाटे निवडत होती. बाई तशी टणक, पण त्या दिवशी माझं मनगट धरून म्हणाली, "मर्ना, तू येऊन जा गं एकदा. तुझं ऐकेल. हॅचरीला सांगितलंय त्याने, यंदा पर कापायला दुसरं कुणी बघा म्हणून. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आता. का रे विचारलं तर म्हणतो, अंगठ्याचा भरवसा उरला नाही."

"अंगठ्याला काय झालंय?"

"काही नाही झालेलं! डॉक्टर म्हणाले चांगला आहे. पण डॉक्टरचं ऐकेल तर तो लॉर्न कसला."

मी माझी टोपली तशीच ठेवून गाडीत जाऊन बसले. तोपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते की म्हाताऱ्याने एक मोसम सोडला, वय झालं होतं, आज ना उद्या सोडणारच होता. आता ते खोटं धकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. लॉर्न स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोर तंबाखूचे जुने पत्र्याचे डबे, दहा-बारा, आणि त्यांत चाळीस वर्षांच्या माशा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. गार्थचं होतं. हॅचरीचं होतं. एक डबा त्याने माझ्याकडे सरकवला.

"हा तुझा. गुलाबी सगळ्या यात आहेत. तुला गुलाबीच जमतात."

विनीने चहा आणि खजुराची वडी पुढे ठेवली. मी डबा मांडीवर घेतला आणि विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय करायचं होतं?" तो म्हणाला. "ऊन डोळ्यांवर होतं तुझ्या. नजर चुकते माणसाची. तू रांगेतली सगळ्यात नवीन, तुला गार्थने वर्षभर सोललं असतं. मासा माझ्या हातात होता, मारला मी."

"पण तू विचारलं होतंस."

"हो, विचारलं होतं." त्याने अंगठा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. "खरं सांगू तुला? विनीलाही नाही सांगितलं. मला लागला होता तो पर. चांगला लागला होता, मऊ, उभा. पण तू बघून सांगितलंस नाही. मग मला वाटलं, झालं, आता नाही ते पण लागायला लागलं याला. आठ बोटं गेली, आता हाही गेला." त्याने अंगठा उलटा करून बघितला. "आणि नंतर बघतो तर पर आहे. मग काहीच कळेना. तुझी नजर चुकली की माझ्या हाताने कधी नव्हे तो नेम साधला? असं झालं की माणसाने थांबावं. पिल्लांवर कात्री कशी चालवू मी?"

माझ्या तोंडात वडीचा तुकडा होता. मी तो चहाबरोबर गिळला. उन्हाचं कारण त्याने स्वतःहून माझ्या हातात दिलं होतं. डबा मांडीवर होता. "हो रे, ऊनच होतं," एवढं म्हणून मी घरी जाऊ शकत होते, आणि तो मला दारापर्यंत सोडायला आला असता.

"लॉर्न, मी बघितलंच नव्हतं."

विनीची पाठ आमच्याकडे होती. तिचा नळ बंद झाला.

"म्हणजे?"

"जागेवरून हललेच नाही मी. नुसतं म्हणाले. तुझा अंगठा बरोबर होता."

"मग काय बघत होतीस?"

"माझ्या माशीमागे मासा आला होता."

त्याने आपला कप बाजूला सरकवला. मग विचारलं, "लागला?"

"नाही."

त्याने हात लांब करून माझ्या मांडीवरचा डबा उचलला आणि बाकीच्या डब्यांच्या रांगेत होता तिथे नीट ठेवला. माझ्या नावाची पट्टी अंगठ्याच्या नखाने सोलून काढली.

"सहा महिने," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं मला. "सहा महिने मी याला मेला समजतोय. रात्री झोपताना चादरीवर घासून बघतो, लागतंय का. आणि तू गुरुवारी तिकडे बसून माशा बांधत होतीस."

"हो."

"विनी, हिचा कोट दे."

दारातून मी मागे वळून बघितलं. तो अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरवत होता. तिथे सुरीची एक जुनी खाच होती, तिच्यावरून पुढे, मागे, परत पुढे.

पुढच्या शनिवारी तो हॅचरीच्या टेबलावर कात्री घेऊन बसला, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. माझ्याबद्दल त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे सांगायचं काम माझ्यावर आलं, आणि मी ते गुरुवारी केलं, खुर्चीवरचे कोट उचलून बाजूला ठेवले आणि उभ्याने सगळं सांगितलं. मला वाटलं होतं सांगून हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

गार्थ म्हणाला, "आणि मी तो अंगठ्याचा विनोद करायचो, तेव्हा तू इथेच बसून हसली होतीस ना?"

"हसले होते."

"कमाल आहे बाई तुझी," तो म्हणाला आणि आपल्या पिसांकडे वळला. त्याने तो विनोद परत कधी केला नाही. बसचाही नाही. मला वाटतं, माझी थट्टा करण्याइतकीसुद्धा मी त्यांच्यातली उरले नव्हते.

सप्टेंबरात मी किनाऱ्यावर जावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी गेले, कारण न जाणं म्हणजे पुन्हा गाठ तपासत बसणंच होतं. रांगेत माझी जागा मोकळी होती. माझ्या उजवीकडची, लॉर्नची, तीही. तो सहाच्या सुमाराला आला, "हं" म्हणाला ते सगळ्यांना मिळून, आणि माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहिला. तो दुसरीकडे उभा राहील असं मला वाटलं होतं. पण जागा त्याची होती, माझ्यासाठी तो ती कशाला सोडेल?

त्याला मासा लागला. पायाशी आला. मी दोर गुंडाळून तयार उभी राहिले.

"गार्थ!" त्याने हाक मारली. "दुसरा अंगठा!"

गार्थ रांगेच्या पार डावीकडे होता. तो सगळ्यांच्या समोरून, पाणी उडवत, धापा टाकत आला. माझ्यासमोरून जाताना मला रॉड उंच धरून मागे सरकावं लागलं. त्याने बघितलं, "आहे," म्हणाला, लॉर्नने मासा सोडून दिला, आणि गार्थ तसाच पाणी तुडवत परत गेला. असं दोनदा झालं.

आणि मग मला लागला. इतक्या वर्षांतला माझा सगळ्यात मोठा. तो धावला, परत आला, धावला, आणि शेवटी माझ्या पिंढरीला टेकून कुशीवर झाला. मी पाठीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. पर नव्हता. पण मला काय लागलं याला आता काय किंमत होती? रीत अशी की सगळ्यात जवळ जो असेल त्याला विचारायचं. जवळ लॉर्न होता. गार्थला हाक मारायचा हक्क त्याला होता, मला नव्हता. मासा माझ्या हातात धडपडत होता आणि सगळी रांग वाट बघत होती.

"दुसरा अंगठा," मी म्हणाले. मलाच ऐकू आलं असेल नसेल.

लॉर्नने दोर गुंडाळला. रॉड काखेत धरला. दहा पावलं पाण्यातून सावकाश आला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि वाकला. अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत नेला. परत नेला. मग खिशातून चष्मा काढला, त्यावरचं खारं पाणी स्वेटरला पुसलं, तो लावला आणि नाक जवळजवळ पाण्याला टेकेपर्यंत खाली वाकून बघत राहिला. इतका वेळ त्याने कुणाच्याच माशाला दिला नव्हता.

"नाही पर," तो म्हणाला.

मी दंडुक्याकडे हात नेला.

"बघून सांगतोय," तो म्हणाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि आपल्या जागी परत गेला.